एकट्याने किती कमी करायचं?

मंडळी, निसर्गावर जवळजवळ काहीच भार न टाकता आज माणूस जगू शकतो का, हा प्रश्न मला अलीकडे तरुण मुलंमुली फार कळकळीने विचारतात. प्लास्टिक सोडलं, विमान सोडलं, गाडी विकली, तरी पुरेसं होत नाही ही टोचणी त्यांना लागून राहते. तिचा मला आदर आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. एकट्याने, टोकाला जाऊन, ते जमत नाही.

२००८ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्राध्यापक टिमोथी गुटोव्स्की आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८ तऱ्हेच्या राहणीमानांचा हिशोब मांडला. त्यात बेघर माणूस होता, बौद्ध भिक्खू होता, अतिश्रीमंतही होते. अमेरिकेची सरासरी तेव्हा माणशी वर्षाला सुमारे २० टन कार्बन डायऑक्साइड होती. आणि कोणाचाही आकडा साडेआठ टनांच्या खाली आला नाही, बेघर माणसाचाही नाही! ज्याच्याकडे घर नाही, गाडी नाही, त्याच्या नावावर एवढा धूर कुठून आला? तो चालतो ते रस्ते, जेवतो ते अन्नछत्र, आजारी पडला तर लागणारं इस्पितळ, पोलीस, सैन्य, या सगळ्यातला त्याचा वाटा. तो वाटा त्याला नाकारता येत नाही.

आपली भारतीय सरासरी सुमारे २ टन आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. पण तोच नियम आपल्यालाही लागू आहे. गोव्याची वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते, छत्तीसगडमधल्या कोरबासारख्या कोळशाच्या केंद्रांतून. डिचोलीतल्या कोणी पंखा एक तास कमी लावला तरी त्या विजेचा स्रोत बदलत नाही. २०२० साली गोव्यातल्या मोलेच्या जंगलातून वीजवाहिनी न्यायचा प्रश्न आला तेव्हा लोक विरोधात एकत्र उभे राहिले. त्या प्रश्नाची दखल घ्यावी लागली ती लोक एकत्र आले म्हणूनच.

आणखी एक गोष्ट पुरुषांनी जरा लक्ष देऊन ऐकावी. घरात टोकाचा साधेपणा आला की वाटण पाट्यावर, कपडे हातावर, साबण घरी, कचरा पाच डब्यांत. हे काम कोणाच्या अंगावर पडतं? बहुतेक घरांत बायकांच्याच. त्यांच्या पाठीच्या कण्यावर उभं राहिलेलं पर्यावरण मला मान्य नाही.

मग कमी भार टाकून जगणं अशक्यच का? मुळीच नाही. गोव्यात ते शतकानुशतकं चाललं, आणि तिसवाडी, बार्देश, सासष्टीत त्याच्या खुणा आजही उभ्या आहेत. मी खाजनांबद्दल बोलतोय. नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेली ही जमीन. बांधाला माती, चिखल, पेंढा, चिरे. मधे मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला उघडतात. ना मोटर, ना वीज. आत पावसाळ्यात खारं सोसणारं कोरगुट भात, आणि पोंयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, मासळी. मासळीच्या हक्काचा लिलाव व्हायचा, आणि बांधाच्या डागडुजीची घडी गावकारी, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी ग्रामसंस्था, बसवून द्यायची. बांध फुटला तर एकाचं नाही, साऱ्या वाड्याचं शेत खारवायचं, म्हणून भरतीच्या रात्री माणसं बांधावर जायची.

त्या काळाचे मला गोडवे गायचे नाहीत. गावकारीत बाया नव्हत्या, आणि ज्यांच्या हातांनी चिखल उचलला त्यातल्या अनेकांना तिथे आवाज नव्हता. कुळाला जमिनीचा हक्क मिळणं न्याय्यच होतं. पण १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली आणि बऱ्याच गावांत ती नीट कोणीच उचलली नाही. व्यवस्था बदलली, पण मानशीची फळी कोण बदलणार, हे ठरलंच नाही.

म्हणून तरुणांनो, तुमची ताकद वैयक्तिक हिशोबात संपवू नका. विमानप्रवास टाळा, त्याचा फरक खरोखर मोठा असतो. पण गाडी सोडायची तर गावात रात्री परतायला बस हवी, आणि ती एकट्याच्या निश्चयाने सुरू होत नाही. पुढच्या ग्रामसभेला जा. शेवटची बस किती वाजता, पंचायतीच्या छपरावर सौरपट्ट्या का नाहीत, ओला कचरा कुठे जातो, मानशीची दुरुस्ती यंदा कोणाकडे आहे, हे विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याच्या पुढच्या ग्रामसभेला ते वाचून दाखवायला लावा.