65 सेकंदांत काय गाणार, मालक?

(सोलापुरातल्या एका वासंतिक व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. खोकले, मोबाइलच्या रिंगा आणि माइकची शिट्टी गाळली आहे.)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या उकाड्यात घरचा कूलर सोडून इथं आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय: 'चित्रपट पुरस्कार सोहळ्यांत नामांकित गाण्यांचे प्रत्यक्ष सादरीकरण'. हे शीर्षक माझं नाही. मी दिलं होतं 'गाणं पुरतं म्हणू द्या'. कार्यवाहांना ते भांडण काढल्यासारखं वाटलं. तसं ते आहेच. मला 50 मिनिटं कबूल केली होती, त्यातली 11 स्वागत, सत्कार आणि परिचयात गेली. परिचयात मी 'ज्येष्ठ संगीत अभ्यासक' झालो. खरं सांगायचं तर मी बँकेत कॅशियर होतो आणि 19 वर्षं ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवलं. दिवसा नोटा मोजायच्या आणि रात्री भाता ओढायचा. बँकेत कधी हिशेब चुकला नाही, स्टेजवर सूर मात्र चुकायचा. तिथं निदान पगारातून कापत नव्हते.

तर 13 मार्च 2023. अमेरिकेत 12 तारखेची रात्र, आपल्याकडे सोमवारची सकाळ. मी पूर्व भागात एका मित्राच्या घरी होतो. खाली त्याचा टॉवेलचा कारखाना, वर घर. टीव्हीवर ऑस्कर लावलेलं. दीपिका पदुकोण आली, चार वाक्यं बोलली, आणि राहुल सिप्लिगंज व काल भैरव या दोन पोरांनी 'आरआरआर' चित्रपटातलं 'नाटू नाटू' सुरू केलं. तेलुगूत. बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं की सोलापुरात अर्ध्या गल्ल्यांत तेलुगू ऐकू येते. तुम्हाला काय सांगायचं? तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात ती बोलली जाते. मित्राची आई ऐंशीच्या पुढची. ऑस्कर म्हणजे काय हे तिला माहीत नाही, दाखवलं तरी तिला त्यात रस नाही. ती लसूण सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "आपलं बोलणं तिथं पण चालतंय म्हणायचं." त्या सकाळचं समीक्षण एवढंच. बाकीची वर्तमानपत्रं मी नंतर वाचली.

वर्तमानपत्रांत एक तक्रार होती. पडद्यावर त्या गाण्यात नाचलेले रामचरण आणि ज्युनिअर एनटीआर स्टेजवर नाचले नाहीत, दुसरेच नर्तक नाचले. माझा मुलगाही तेच म्हणाला. मी म्हटलं, अरे, नाचणारे बदलले, पण गाणारे तर तेच होते ना? आपल्याकडे बरोब्बर उलटं असतं. आपल्या सोहळ्यांत हिरो वरून तारेला लटकून खाली येतो. गाणं टेपवरचं, ओठ हिरोचे, घाम मागच्या पन्नास पोरापोरींचा. आणि ज्याने ते गाणं म्हटलंय तो पाचव्या रांगेत बसून स्वतःच्याच आवाजाला टाळ्या वाजवतो.

त्या दिवशी गाण्याचं ऑस्कर मिळालं ते कीरावाणी आणि चंद्रबोस यांना, म्हणजे संगीतकाराला आणि गीतकाराला. तिथला नियमच तसा आहे. 1935 साली हे बक्षीस पहिल्यांदा दिलं, तेव्हापासून ते गाणं रचणाऱ्याचं आहे. गाणाऱ्याच्या हाती ऑस्करची ती बाहुली येत नाही. त्याचा वाटा म्हणजे स्टेजवरची ती दोन-तीन मिनिटं. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे. शेवटापर्यंत पोचलो तर.

कीरावाणींनी आभाराचं भाषण 'कार्पेंटर्स' या जोडीच्या एका गाण्याच्या चालीवर म्हटलं. आमच्या कट्ट्यावरच्या एकाने घरी जाऊन सांगितलं, की हा माणूस सुतारांचं ठोकणं ऐकत मोठा झाला. मी दुरुस्त केलं नाही. मागाच्या खटखटीवर आमची अख्खी ऑर्केस्ट्रा ताल शिकली, मग सुतारांनी काय घोडं मारलंय?

आता लताबाई. ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी सांगणार. 1956 चा 'चोरी चोरी'. शंकर-जयकिशनना त्याच्या संगीताचं फिल्मफेअर मिळालं. फिल्मफेअर तेव्हा लहान होतं, 1954 ला सुरू झालेलं. जयकिशन लताबाईंकडे गेले, की समारंभात तुम्ही 'रसिक बलमा' म्हणा. हसरत जयपुरींचे शब्द, शुद्ध कल्याण रागाची सावली असलेली चाल, पडद्यावर नर्गिस. लताबाई नाही म्हणाल्या. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: बक्षीस संगीताला दिलंय ना? मग संगीत वाजवा. गाणाऱ्याला आणि शब्द लिहिणाऱ्याला तुमच्याकडे बक्षीसच नाही, तर आमचा आवाज आणि शब्द कशाला हवेत? वाद्यांवर वाजवा की!

बघा बरं. भाषण नाही, निवेदन नाही, मोर्चा नाही. नुसतं गायचं नाकारलं. आणि 1959 च्या समारंभात फिल्मफेअरने पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू केलं. पहिलं लताबाईंनाच, 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी. त्याच वर्षी गीतकाराचंही सुरू झालं, ते शैलेंद्रना. बाई आणि बुवा दोघांना मिळून एकच बक्षीस, असं आणखी काही वर्षं चाललं. म्हणजे रफीसाहेब आणि लताबाई एकाच स्पर्धेत. तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे. बोलावलंत तर येईन, फक्त सत्कार नको.

सत्कारावरून आठवलं. हे सांगायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे.

साधारण 86-87 साल असेल. आपल्याच गावातलं एक मंडळ, नाव घेत नाही, त्यातले दोघं समोर बसलेत. त्यांनी टूम काढली. वर्षातल्या मराठी चित्रपटगीतांवर श्रोत्यांची मतं मागवायची, पोस्टकार्डावर. सगळ्यात जास्त कार्डं आलेली 5 गाणी निवडायची, समारंभात ती आमच्या ऑर्केस्ट्राने म्हणायची, आणि मग पाकीट फोडून पहिलं कुठलं ते सांगायचं. ऑस्करचं नाव कुणी काढलं नव्हतं, पण घाट अगदी तोच. पोस्टकार्डं पोत्याने आली. त्यातली काही एकाच अक्षरातली होती, ते सोडा.

आम्ही महिनाभर तालीम केली. कुठं, तर कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी मागांच्या मधल्या जागेत. काँगोवाला बाभळीच्या बाकड्यावर, मी सुताच्या गाठोड्यावर. आमची एक गायिका होती, विडी कामगार घरातली. दिवसभर स्वतःही विड्या वळायची. बोटं पानाच्या वासाची, आणि आवाज काळी चारच्या पट्टीत असा लागायचा की मागाच्या पत्र्याला कंप सुटावा. तिच्याकडे पाचवं गाणं होतं. त्या गाण्याचा मुखडा तसा साधा, सगळी मजा दुसऱ्या अंतऱ्यात. तिथं एक जागा होती, वर जाऊन अलगद खाली यायची. ती जागा तिने महिनाभर घोटली. मराठी तिची बोलण्यापुरती, पण गाण्यात 'ळ' असा स्वच्छ, की पुणेकराने कान धरावा.

समारंभाचा दिवस. सहाची वेळ, पावणेसातला पाहुणे आले. मग सत्कार. मी मोजले, कॅशियर आहे मी, 27 सत्कार झाले. प्रत्येकाला हार, नारळ आणि चादर. बाहेरगावी शाल देतात, ती घडी उलगडून खांद्यावर टाकली की झालं. सोलापुरी चादर तशी टाकता येते का? ती उलगडायलाच दोन माणसं लागतात. सत्कारमूर्ती दिसेनासा होतो. मग फोटोवाला म्हणतो, साहेब, चेहरा बाहेर काढा. एका पाहुण्याने तर सत्काराला उत्तर देताना आपल्या आजोबांपासून सुरुवात केली.

नऊ वाजून गेले. सचिव मागे आले, घाम पुसत. म्हणाले, "पाच गाण्यांना मिळून सात मिनिटं. फक्त मुखडे घ्या." आम्ही वादक मंडळी, आम्ही काय बोलणार? आम्हाला बिदागी ठरलेली. मी तर भात्याचा पट्टासुद्धा आवळला. पण ती पोरगी उठली. म्हणाली, "अण्णा, मुखडा चहावाल्याचा रेडिओ पण लावतो की. दुसरा अंतरा शिकायला मी महिना घातलाय. तेवढ्यात मी काय गाऊ?" चपला घातल्या आणि गेली. जेवणाचं पाकीटसुद्धा घेतलं नाही. चार मुखडे झाले, पाचव्याच्या वेळी निवेदकाने 'तांत्रिक कारण' सांगितलं, आणि पाकीट फोडलं तर पहिलं आलेलं गाणं तेच निघालं, तिचं! ट्रॉफी कुणी घेतली विचाराल, तर 27 पैकी एका पाहुण्याने.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. माझं घड्याळ तर... बरं. मूळ मुद्दा राहिलाय, तो आता मुखड्यासारखा घेतो.

2009 चं ऑस्कर. आपल्याला ते रहमानमुळे आठवतं. त्या रात्री त्यांनी दोन बाहुल्या घेतल्या, 'जय हो'ची गुलजारांसह, आणि गुलजार तिथं नव्हतेच. त्या वर्षी तीनच गाणी नामांकित होती. त्यांतलं एक पीटर गॅब्रिएल या गायकाचं, 'वॉल-ई' या चित्रपटातलं. त्याला सांगितलं, सगळी गाणी एकत्र गुंफायची आहेत, तुमच्या वाट्याला 65 सेकंद. तो म्हणाला, मी गाणार नाही. समारंभाला आला, खुर्चीत बसला. त्याचं गाणं जॉन लेजंडने म्हटलं. मी बातमी वाचली आणि बायकोला हाक मारली, "अगं, आपली विडीवाली पोरगी लॉस एंजेलिसला पोचली!"

आणि त्याच्या उलटं, 2005. उरुग्वेचा होर्हे ड्रेक्सलर. स्वतः लिहिलेलं, चाल दिलेलं, चित्रपटात स्वतः गायलेलं स्पॅनिश गाणं. पण स्टेजवर ते गायला अँतोनियो बांदेरास या नटाला उभं केलं, कारण त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा. ड्रेक्सलरला बक्षीस मिळालं. तो वर गेला, आणि आभार मानायच्या वेळात त्याने आपल्याच गाण्याच्या ओळी म्हटल्या. वाद्यं नाहीत, नुसता गळा. एकाने न गाऊन सांगितलं, दुसऱ्याने न सांगता गाऊन. फिल कॉलिन्सचं 1985 चं तर विचारू नका. त्याचं गाणं दुसरीने सादर केलं आणि तो समोर प्रेक्षकांत.

आता कुणी म्हणेल, वेळ नसतो हो. टीव्हीचा कार्यक्रम, तीन-साडेतीन तास चालतो, काहीतरी कापावं लागतं. ऑस्करवाल्यांनी 2010 ला नामांकित गाणी स्टेजवर घेतलीच नाहीत. 2012 ला दोनच गाणी नामांकित होती, तीही नाही. 2025 ला पुन्हा तेच. 2013 ला तर ऑर्केस्ट्रा नाट्यगृहात नव्हताच, मैलभरावरच्या कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या इमारतीत बसून वाजवत होता. मैलभर! म्हणजे गायक इथं हुतात्मा स्मृती मंदिरात आणि मी अ‍ॅकॉर्डियन घेऊन सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर.

माझं म्हणणं एवढंच, की त्या अख्ख्या रात्रीत काय खरोखर समोर घडतं? अभिनयाचं बक्षीस असतं, त्याची वीस सेकंदांची फीत दाखवतात. संकलन स्टेजवर करून दाखवता येत नाही. छायाचित्रण नाही, वेशभूषा नाही. सगळं आधीच घडून गेलेलं, तिथं फक्त त्याची चर्चा. एकटं गाणं असं आहे की ती वस्तूच उचलून स्टेजवर ठेवता येते, आख्खी, चार मिनिटांत. आणि कात्री लावायची वेळ आली की पहिली तिथंच लागते. सत्कारावर लागत नाही.

दुसरं, नामांकित. विजेतं नाही, नामांकित. पाकीट फुटायच्या आधी सगळी गाणी सारखी असतात. 1998 ला 'टायटॅनिक'चं गाणं जिंकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्याच रात्री एलियट स्मिथ नावाचा एक हळव्या आवाजाचा माणूस पांढऱ्या सुटात आला, गिटारवर आपलं गाणं म्हणून गेला. हरलाच तो. पण म्हणून गेला. फिल्मफेअरमध्ये लताबाईंना बोलावलं होतं ते जिंकलेलं गाणं म्हणायला. हरणाऱ्यांना म्हणू देणं ही मला ऑस्करची त्यांच्या बाहुलीपेक्षा मोठी गोष्ट वाटते, आणि नेमकी तीच ते अधूनमधून सोडून देतात.

तिसरं, ज्याने म्हटलं त्यानेच म्हणावं... चिठ्ठी परत आली. 'दोन मिनिटे' आणि खाली रेघ. हे बरोबर नाही हो, तिसराच मुद्दा महत्त्वाचा होता. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलं होतं ना, गायकाचा वाटा? तो हा. आपल्या सिनेमात चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, त्यामुळे आपल्याला तर ते जास्तच लागू. पडद्यावर त्याला कुणी पाहिलेलं नसतं. वर्षातून एका रात्री तरी त्याला उजेडात उभं करा, खऱ्या वादकांसकट, टेप बंद करून. सूर हलला तर हलू द्या. आमचा रोज हलायचा.

बरं. चौकीदार दाराशी आलेत, त्यांना कुलूप लावायचंय. त्यांची चूक नाही, त्यांनी 27 सत्कार केलेले नाहीत. एक विनंती आहे. अ‍ॅकॉर्डियन मी आणलंय, त्या खुर्चीमागे आहे. माइक बंद करा, त्याला माइक लागत नाही. 'रसिक बलमा' वाजवणार आहे, नुसत्या वाद्यावर, बाईंनी सांगितलं होतं तसं. सुरुवातीचा पीस, मुखडा, सगळे अंतरे. ज्यांची पार्किंगमध्ये गाडी अडकली असेल त्यांनी आत्ता काढून घ्या, मालक. मध्ये कुणी उठायचं नाही.