शुगर घराण्यात आहे म्हणजे नेमकं काय?

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे, की आमच्या घराण्यातच शुगर आहे मग आम्ही कितीही चाललो-पळालो तरी काय फायदा. यावर मी पिमा लोकांबद्दल सांगतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

पिमा म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे मूळ रहिवासी, आणि त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावाच्या आसपास राहतात. दोघांचे पूर्वज एकच. 2006 साली दोन्हीकडची तुलना छापून आली, तर ॲरिझोनात टाइप टू डायबेटिस 38 टक्के आणि मेक्सिकोत 6.9! आणि मेक्सिकोतल्या त्यांच्या शेजाऱ्यांमध्ये, जे पिमा नाहीत, 2.6, म्हणजे तिथं पिमा असण्यानं फार काही बिघडलेलं दिसत नाही. डोंगरातले लोक शेती करतात, लाकडं तोडतात, पायी हिंडतात, खाणं मका, बीन्स, बटाटे.

मग ॲरिझोनावाले आळशी झाले का? हे असं म्हणणं मला अजिबात पटत नाही. तेही शेतकरीच होते हो, हिला नदीच्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या शेती करत होते, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नव्यानं आलेल्या वसाहतवाल्यांनी वरच्या अंगाला पाणी वळवलं, शेती बसली, अंगमेहनत गेली आणि ताटात सरकारी मैदा, साखर, चरबी आली. आपण लाइफस्टाईल म्हणतो तेव्हा जणू प्रत्येकानं ती दुकानातून निवडून आणलीय असं बोलतो, इथं तर नदीच नेली.

याचा अर्थ वंशाला काही किंमत नाही असं नाही. तिबेटी लोकांचं बघा. आपण उंचावर राहिलो की ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी वाढवत सुटतं, रक्त दाट होतं. तिबेट्यांमध्ये तसं फार होत नाही, त्यांच्याकडे ईपास-वन जीनचा वेगळा प्रकार आहे, आणि गंमत म्हणजे तो डेनिसोव्हन नावाच्या नामशेष मानवांकडून आलाय, हे 2014 मध्ये कळलं. अँडीज पर्वतातले लोकही हजारो वर्षं उंचावरच आहेत, पण त्यांचं हिमोग्लोबिन चढंच राहतं आणि काहींना त्याचाच आजार होतो.

अजून एक, आईच्या पोटातले दिवसही यात धरावे लागतात. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, रोजचं रेशन काही काळ हजार कॅलरीच्याही खाली गेलं, आणि तेव्हा जी बाळं पोटात होती त्यांची पन्नाशीत तपासणी केली तर साखर पचवण्याची ताकद कमी भरली.

तर आता तुमच्या शुगरचं. टीसीएफ-सेव्हन-एल-टू नावाचा एक जीन आहे, त्याचा धोक्याचा प्रकार दोन्ही पालकांकडून आला की डायबेटिसची शक्यता चांगलीच वाढते. अमेरिकेत शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर मोठी ट्रायल झाली, निकाल 2002 चा, त्यात एका गटाला वजन 7 टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच टार्गेट दिलं होतं, तर त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. नंतर त्याच लोकांचे जीन्स तपासले. नुसत्या खोट्या गोळ्यांवर ठेवलेल्या गटात धोक्याचा जीनवाले पटापट डायबेटिसकडे गेले होते, आणि व्यायामाच्या गटात त्या जीनचा जोर बराच उतरलेला होता.