नारायण दरवाजा ते कोतवाल चावडी

नमस्कार, श्रोतेहो.

शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी किंकाळी ऐकू येते, हे पुण्यात शाळकरी पोरही सांगेल. पण नारायणराव पेशव्यांचा खून रात्री झालेलाच नाही. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस आणि भर दुपार.

पेठेतल्या जुन्या गुन्ह्यांचा वॉक काढणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. आधी नोंद सांगायची, मग दंतकथा. उलट क्रमाने सांगितले तर किंकाळी डोक्यात बसते आणि पुढचे कुणी ऐकत नाही.

सकाळी सातला दिल्ली दरवाजापाशी जमा. पंधरापेक्षा जास्त माणसे घेऊ नका. शिवाजी रस्त्याच्या वाहतुकीत मागच्यांना शब्द पोचत नाही आणि रस्ता ओलांडताना घोळका तुटतो. एकंदर चालणे दीड किलोमीटरच्या आसपास, पण थांबत थांबत दोन तास धरा. तारखेचा मोह धरून गणेशोत्सवात हा वॉक ठेवू नका. मांडवांनी रस्ते अडलेले असतात, ढोलताशांत आवाज बुडतो.

दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे दाखवा. ते हत्तीच्या धडकेसाठी आहेत. एक गोष्ट इथेच स्पष्ट करावी. २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेल्या आगीत आतले महाल गेले. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती उरली. त्यामुळे ‘खून झाला ती खोली’ दाखवा म्हणणाऱ्याला जोतेच दाखवता येते. खोलीचा आव आणू नये.

मग तटाला उजवा हात ठेवून पूर्वेकडून चला. खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा, आणि दक्षिणेला नारायण दरवाजा. खुनाची हकिगत सांगायची ती इथे. आदल्या वर्षी थोरल्या भावाच्या, माधवरावांच्या, मृत्यूनंतर नारायणरावांना गादी मिळाली होती. वय जेमतेम अठरा. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. त्या दिवशी दगाफटक्याची कुणकुण नारायणरावांच्या कानावर आली होती. बंदोबस्ताचे काम हरिपंत फडक्यांना सांगितले. ते जेवायला गेले आणि काम मागे पडले. तेवढ्या वेळात सुमेरसिंग गारदी (गारदी म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई) थकलेल्या पगाराची ओरड करत आपल्या माणसांसह आत घुसला. नारायणराव धावत काकांकडे गेले, त्यांना मिठी मारली. चापाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्या अंगावर आडवा पडला आणि तोही मारला गेला. चापाजीचे नाव वॉकमध्ये हमखास गळते. ते घ्याच.

पेशव्यांचे शव याच दरवाजातून बाहेर नेले, म्हणून हा नारायण दरवाजा, असे सांगतात.

आता ‘ध’चा ‘मा’. रघुनाथरावांच्या हुकमात नारायणरावांना ‘धरावे’ होते, त्याचे कुणीतरी ‘मारावे’ केले, अशी ती कथा. पुठ्ठ्यावर ‘धरावे’ आणि ‘मारावे’ असे ठळक लिहून आणा. पहिल्याच अक्षराचा फरक आहे, हे डोळ्यांनी दिसले की ही कथा अडीचशे वर्षे का टिकली ते मुलांनाही कळते. अक्षर रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी बदलले, हे मात्र कथा म्हणूनच सांगा. एका बाईला खुनी ठरवताना जीभ जपून वापरावी. नोंदीतला खरा माणूस पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले.

नारायणरावांचे चिरंजीव सवाई माधवराव पेशवे १७९५च्या ऑक्टोबरात याच वाड्यात वरून पडून गेले. उडी की तोल, हा वाद दोन वाक्यांत सांगून पुढे निघा.

लालमहालावरून बुधवार पेठेत या. सध्याची इमारत नव्याने बांधलेली आहे, हे सांगायला विसरू नका. दगडूशेठ गणपतीच्या परिसरात पूर्वी कोतवाल चावडी, म्हणजे शहराच्या बंदोबस्ताची कचेरी, होती. घाशीराम कोतवालाची हकिगत इथली. ऑगस्ट १७९१. दक्षिणेसाठी आलेले काही तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेत शिरले, कणसे तोडली. त्यांना लहानशा कोठडीत कोंडले. हवा नाही, पाणी नाही. वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडवले, तेव्हा हा प्रकार उघडा पडला. चिडलेल्या जमावाने घाशीरामाला मागून घेतले, शहरातून धिंड काढली आणि ३१ ऑगस्टला दगडांनी ठेचून मारले. लोकांच्या डोक्यात घाशीराम रंगमंचावरचा असतो. कोठडीत मेलेल्यांपासून सुरुवात केली तर तो माणूस आणि त्याचा अंमल नीट दिसतो.

वॉक इथेच संपवा. शेजारच्या गल्ल्यांमधून बायका राहतात, कष्ट करतात. घोळका तिकडे वळवू नये, मोबाइल उंचावू नये. जुन्या वाड्यांच्या चौकातही विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. परत जायला अप्पा बळवंत चौक जवळ पडतो. नऊच्या आत पोचलात तर रस्ता अजून मोकळा असतो.