मनगटावरचं लाकूड

श्रोतेहो, नमस्कार. आज अत्तरातल्या लाकडांविषयी बोलू या. चंदन तर आपल्या देवघरातलंच. सहाणेवर खोड उगाळलं की घरभर दरवळतं. हल्ली डबीतलं तयार गंध आणतात, त्यात रंगच जास्त. सणावारी तरी खोड उगाळावं, असं माझं ठाम मत आहे. असो.

अत्तर लावल्यावर आधी लिंबू-संत्र्याचा वास उडतो, मग फुलांचा, आणि शेवटी लाकूड उरतं. लाकडाच्या तेलातले रेणू जड, ते सावकाश उडतात. म्हणून लक्षात ठेवा, आधी उडतं ते लिंबू, शेवटी उरतं ते लाकूड.

हे मला समजलं ते मावशीमुळे. मावशी ठाण्याच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. लग्नात द्यायला अत्तर हवं होतं, म्हणून आम्ही जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या अत्तरवाल्याकडे गेलो. त्याने तिच्या मनगटावर काचेची काडी टेकवली. मावशी लगेच दुसरं मनगट चोळायला लागली. "चोळू नका, बाई. आणि पैसेही आत्ता देऊ नका. तलावपाळीला चक्कर मारून या."

आम्ही निघालो. मावशी म्हणाली, "हे तर लिंबाचं सरबत!" तिथल्या मासुंदा तलावाच्या काठाने बोटिंगवाल्यांपर्यंत पोचलो, तोवर लिंबू गेलं, गुलाब आला. मग कठड्यापाशी बसलो. मावशी माहेरच्या गोष्टी सांगत होती. मध्येच थांबली, मनगट नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. आणि मोठ्यांदा म्हणाली, "अगं, पेन्सिल! टोक काढल्यावरचा भुसा!" लहानपणी तिच्या मामांनी विलायतेहून पेन्सिलींची पेटी आणली होती, तिचा वास तिला आठवला.

परत जाऊन सांगितलं, तर अत्तरवाला खूश. "व्हर्जिनिया सीडर आहे, बाई. पूर्वी पेन्सिली याच लाकडाच्या व्हायच्या." नावात सीडर, म्हणजे देवदार, असलं, तरी झाड जुनिपर नावाच्या दुसऱ्याच सूचिपर्णी झाडांतलं, उत्तर अमेरिकेतलं. आपल्याकडच्या आताच्या पेन्सिली बहुतेक काश्मीरच्या पॉपलरच्या, त्यांना तो वास नाही.

मग त्याने दुसऱ्या मनगटावर ऊद, म्हणजे अगरूच्या लाकडाचं अत्तर, लावला. मावशीचं नाक आक्रसलं. "गोठा!" तो म्हणाला, "थांबा जरा." तिचं नाक चुकलं नव्हतं, अस्सल उदाच्या सुरुवातीला असा वास येऊ शकतो. अगरूचं झाड आसामकडचं. निरोगी असताना लाकूड फिकट, जवळजवळ बिनवासाचं. जखम होऊन बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला काळपट राळ तयार करतं, तोच ऊद. त्यासाठी इतकी झाडं तुटली की 1995 पासून आसामी अगरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. ॲमेझॉनच्या जंगलातल्या रोजवूड या सुगंधी लाकडावरही 2010 पासून आहे. म्हणून स्वस्तात 'अस्सल ऊद' म्हणून कोणी विकत असेल, तर घेऊ नका. मॉलमध्ये कागदी पट्टी हुंगवून लगेच बिल करतात, तेही मला अजिबात पटत नाही.

मावशीने सीडरची कुपी घेतली. तुम्ही जाल तेव्हा एका मनगटावर एक, दुसऱ्यावर एक, बस्स. तिसरं लावू नका, नाक गोंधळतं. आणि लावल्यावर बाहेर फिरून या.