दगडाचा भाव शेवटी विचारा

(ठाण्यात पाचपाखाडीच्या एका सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. खुर्च्या कमी पडल्यात, मागे काही जण उभे आहेत. असू द्या, आजचा विषय उभ्यानं करायच्या कामाचाच आहे.

मी 26 वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांची कामं करते. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी असा माझा पट्टा. ओटा बदलायचा म्हणून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, ग्रॅनाइट काय भाव?" मी उलट विचारते, "तुमच्याकडे पोळ्या कोण लाटतं, आणि त्यांची उंची किती?" समोरचा गप्प होतो. बाईला भाव माहीत नाही, असं त्याला वाटत असावं.

ओटा म्हणजे मूळचा घरापुढचा, संध्याकाळी टेकायचा. चूल जमिनीवर होती, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर. गॅस आला, स्वयंपाक उभा राहिला, आणि बाहेरचा ओटा आत आला. पण उंची कोणाच्या मापाची? बिल्डर सगळ्या घरांना एकाच मापाचा ओटा देतो. तुम्ही भिंतीला लागून ताठ उभ्या राहा, कोपर वाकवा. कोपरापासून 4 ते 6 इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग हवा. पोळी लाटताना जोर खाली द्यावा लागतो, म्हणून लाटणाऱ्या व्यक्तीला आणखी थोडा खाली बरा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच काही इंच उंच असते, वर कुकर. खांदे वर करून भाजी ढवळावी लागते ती त्यामुळे. हॉब, म्हणजे ओट्यातच बसणारी शेगडी, लावणार असाल तर ओटा वेगळ्या उंचीचा, वर ठेवायची शेगडी राहणार असेल तर वेगळ्या. हे आधी ठरवा, ते फुकट आहे.

आता दगड. कडप्पा सगळ्यांना माहीत आहे. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाचा काळा दगड. तो मुळात चुनखडीचा. लिंबू, चिंच, कोकमाचं पाणी सांडून तसंच राहिलं की त्याची चमक मरते. म्हणून कडप्पा ओट्याच्या खाली, उभ्या फळ्यांना आणि मधल्या खणांना उत्तम, वर नको. संगमरवराचंही तेच, तोही चुन्याच्याच घराण्यातला. किशनगढहून मोठ्या हौसेनं पांढरा दगड आणून त्यावर सोलकढी करणारी माणसं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांत ओट्यावर वाट्यांचे गोल गोल छाप.

ग्रॅनाइट कठीण. सुरीनं ओरखडा सहसा पडत नाही, उलट सुरीची धार जाते. बाजारात मात्र ग्रॅनाइट हे दगडाचं नाव कमी आणि दुकानदाराचं जास्त. बरेच गडद काळे दगड भूशास्त्राच्या हिशेबानं ग्रॅनाइट नाहीतच. त्यानं तुमचं काही बिघडत नाही, ते बहुतेक चांगलेच असतात. बिघडतं ते रंगवलेल्या दगडानं. फिका दगड काळा करून विकतात. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि नमुन्यावर घासा. फडकं काळं झालं तर नमस्कार करून बाहेर पडा. दुसरी परीक्षा पाण्याची. चार थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटं चहा प्या. थेंबाखाली डाग गडद झाला तर दगड पाणी पितो. जो पाणी पितो तो हळद-तेलही पितो. काळ्या घट्ट दगडात हा त्रास कमी, फिक्या रंगांत जास्त. तिथं सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा लेप, लावायचा आणि ठरावीक काळानं पुन्हा लावायचा. आंध्रातल्या चिमकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी, तो सोनेरी ठिपक्यांचा, इतक्या घरांत दिसतो तो काही फक्त दिसण्यामुळे नाही.

क्वार्ट्झबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सध्या सगळ्या नव्या टॉवरमध्ये तोच हवा असतो. हा खाणीतून निघालेला सलग दगड नव्हे. गारेचा चुरा साधारण 90 टक्के आणि त्याला धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन. डाग फारसा धरत नाही, रंग एकसारखा. पण राळेला उष्णता सोसत नाही. कढईतल्या तेलाला फोडणीपुरता ताव आला की ती क्वार्ट्झच्या सोसण्यापलीकडे जाते. कढई थेट टेकवली की पिवळट डाग किंवा तडा, आणि तो पॉलिशनं जात नाही. ज्या घरात कढई उतरवून कुठंही ठेवायची सवय आहे, तिथं मी क्वार्ट्झला नाही म्हणते. ग्राहक रागावतात, रागावू द्या.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. गारेचा चुरा म्हणजे सिलिका. दगड कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन बसते. त्यानं सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली, ती ओटे पाहणाऱ्यांसाठी नाही, कापणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पोरगा तुमच्याच बाल्कनीत बसून, तोंडाला रुमाल बांधून कटर चालवतो, आणि आपण आतून दार लावून घेतो. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, कमी असली तरी असतेच. तेव्हा दगड कुठलाही असो, सांगून ठेवा: कापाकापी कारखान्यात, पाणी सोडून. घरी फक्त बसवायचं. थोडे पैसे जास्त जातील, ते द्या.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरा. तुमचा ओटा एल आकाराचा, एक बाजू 8 फूट, दुसरी 6, रुंदी 2. मिस्त्री म्हणतो, 8 अधिक 6 म्हणजे 14, गुणिले 2, म्हणजे 28 चौरस फूट. कोपऱ्याचा 2 बाय 2 चा चौकोन त्यानं दोनदा मोजला. खरा दगड 24 चौरस फूट. मोल्डिंग, म्हणजे पुढची गोलाई, ही धावत्या फुटानं मोजतात. तिथंही बिलात 14 लिहितात. पण आतल्या बाजूनं टेप लावा: 6 अधिक 4, दहाच फूट. टोकं उघडी असतील तर प्रत्येकी 2 फूट वाढवा. मिस्त्री लबाड असतो असं नाही, त्याला तसं मोजायची सवय असते. तुम्ही टेप घेऊन उभ्या राहिलात की सवय मोडते.

लाद्या मापानं कापून मिळत नाहीत, लादी अख्खी घ्यावी लागते. 24 लागत असतील तर 30 धरा. 220 रुपये भावानं 6,600. दुप्पट भावाचा दगड घेतलात तर 13,200. फरक 6,600, आणि सगळं भांडण या फरकावर! जुना ओटा तोडणं, राडारोडा गोण्यांत भरून खाली नेणं, भिंतीच्या फुटलेल्या टाइल्स, सिंक, नळाचं काम, कडप्पाच्या उभ्या फळ्या, सिंक आणि हॉबचे कटआउट, म्हणजे त्यांच्यासाठी दगडात कापायच्या जागा, हमाली, सोसायटीचं डिपॉझिट, हे कोणी विचारत नाही. म्हणून म्हणते, दगडाचा भाव शेवटी विचारा. आधी कोटेशनमध्ये या ओळी आहेत का बघा. जीएसटी धरून की वेगळा, हेही लिहून घ्या. आणि राडारोडा कुठं जातो तेही विचारा. गोण्या खाडीच्या कांदळवनात रिकाम्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

गॅसची पाइपलाइन असेल तर ती प्लंबरला हलवू देऊ नका. महानगर गॅसकडे अर्ज करा, त्यांचाच माणूस हलवतो. तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी.

माझी स्वतःची फजिती सांगते. कळव्याला पाचव्या मजल्यावर माझं घर. मला 10 फुटांचा ओटा बिनसांध्याचा हवा होता. दगड निवडला, कापून आणला आणि लिफ्टसमोर उभा केला. लिफ्ट बुटकी! 26 वर्षांतली नववी-दहावी वर्षं असतील, म्हणजे अडाणी नव्हते मी. 10 बाय 2 ची 18 मिलिमीटरची लादी साधारण 90 किलोची. चार हमालांनी जिन्यानं चढवली आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला तडा गेला. दगड आडवा धरला होता. लादी नेहमी कड खाली करून, उभी न्यायची असते, हे मी इतरांना सांगत होते. शेवटी सांधा आलाच, तोही तड्यानं ठरवलेल्या जागी. तेव्हापासून मी आधी लिफ्ट मोजते, मग ओटा.

सांधा चालतो, फक्त सिंकवर आणि हॉबवर नको. कटआउटचे आतले कोपरे काटकोनी नकोत, थोडे गोल हवेत. तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. सिंकच्या पुढची पट्टी अरुंद असते, तिला खालून आधार हवा. सिंक आणि हॉब हातात आल्याशिवाय कापू देऊ नका, कॅटलॉगमधल्या मापावर विसंबून तर मुळीच नको. ओट्याला सिंककडे किंचित ढाळ, आणि पुढच्या कडेखाली बारीक खाच, म्हणजे पाणी ट्रॉल्यांवर न ओघळता थेंब थेंब खाली पडतं. ट्रॉल्यांना प्लायवूड असेल तर निदान सिंकखाली तरी आयएस 710 या मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, मागा. उरलेला तुकडा तुमचा, तो सोडू नका. माझा पोळपाट त्याचाच आहे.

प्रश्न घेते. काकूंचा प्रश्न असा की नारळ ओट्यावर फोडला तर? फोडा, पण जिथं खाली कडप्पाची उभी फळी आहे तिथं. मधल्या पोकळ भागावर नको.

मागून विचारलंय, ओटा जुना आहे पण दगड शाबूत आहे, बदलू का? नका बदलू. जागेवर पॉलिश करून घ्या, सिंकच्या कडेचं सिलिकॉन नवीन भरा. मला काम नाही मिळालं तरी चालेल.

आणि या भाऊंचा प्रश्न चांगला आहे: किती दिवस स्वयंपाक बंद? तोडल्यापासून चार-पाच दिवस धरा. सिलिकॉन भरल्यावर एक दिवस सिंकमध्ये पाणी नाही. तोवर इंडक्शन हॉलमध्ये मांडा, भांडी बाथरूममध्ये घासा, आणि पाहुण्यांना गणपतीनंतर बोलवा.