मोजणी

(दृश्य: पहाट. द्राक्षाचा मांडव, त्याच्या मागं जाळीची मोठ्ठी डिश, अगदी सावकाश वळतेय.)

नारायणगाव सोडलं, खोडदचा रस्ता धरला की थोड्या वेळात हे दिसायला लागतं. डावीकडं टोमॅटो, उजवीकडं कांदा, आणि मधूनच ही अशी आकाशाकडं तोंड करून बसलेली परात. पहिल्यांदा बघणारा माणूस गाडी थांबवतोच. इथली माणसं नाही थांबत, त्यांना रोजचंय.

ही जीएमआरटी. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण. अशा एकूण 30 डिश, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 45 मीटर म्हणजे किती ते नुसतं ऐकून कळत नाही, म्हणून आपण शाळेच्या मैदानावरचं माप घेऊ. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब असतं, ते आडवं टाकलं तरी दोन्ही बाजूला जागा उरते. आणि कबड्डीची 13 बाय 10 ची मैदानं मांडायची म्हटली तर एका डिशच्या तोंडाएवढ्या जागेत बारा मैदानं बसतील. बारा! आमच्या शाळेत एक होतं, आणि त्याच्याही मधोमध चिंचेचं झाड.

आता तुम्ही म्हणाल, दुर्बिणीच्या गोष्टीत कबड्डी कुठून आली. सांगतो. या व्हिडिओत आपण एकाच पुणे जिल्ह्यातल्या तीन ठिकाणी जाणार आहोत. एका ठिकाणी आकाश मोजतात, एका ठिकाणी कुणीतरी माणसाचं शरीर मोजायला घेतलं होतं, आणि एका ठिकाणी एक आख्खं गाव मोजलं गेलं होतं, बांधासकट, कर्जासकट. मला तिन्हीकडं एकच विचारायचंय, की मोजून झाल्यावर तो आकडा ज्याचा होता त्याच्याकडं परत आला का?

(दृश्य: पिंपळे सौदागरचा चौक, टॉवर, सिग्नलला थांबलेल्या बायका-माणसांच्या स्कूटी.)

आधी गाव. हे पिंपळे सौदागर. हो, हेच, मॉलवालं, आयटीवाल्यांचं. इथं आता शेत शोधायचं तर गुगल मॅप झूम करत बसावं लागेल. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पवनेच्या काठचं हे साधं खेडं होतं, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मॅन यांनी हेच खेडं निवडलं. मॅन मूळचे रसायनशास्त्राचे, इंग्लंडहून आले ते आसामात चहावर काम करायला, मग 1907 मध्ये पुण्याला आले. म्हणजे खरं काम माती तपासायचं, पण माती तपासता तपासता हा माणूस मातीत राबणाऱ्याच्या खिशापर्यंत पोचला. 1917 साली त्यांचं पुस्तक आलं, दख्खनच्या एका खेड्यातली जमीन आणि मजुरी या विषयावर. हिंदुस्थानात एकच गाव घेऊन घर अन् घर तपासायचं, असं काम तोवर फारसं कुणी केलेलं नव्हतं.

आणि यातले आकडे बघा. जुन्या दप्तरांपासून सुरुवात केलीय त्यांनी. 1771 मध्ये, म्हणजे पेशवाईत, या गावात एका खातेदाराकडं सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 ला, पेशवाई बुडाली त्या साली, साडेसतरा. आणि 1914-15 ला सात. चाळीसचे सात! कुणी लुटली नाही, कुठं पूर आला नाही, फक्त वाटण्या झाल्या. बाप गेला की भावाभावांत वाटणी, आणि वाटणी तरी कशी, तर प्रत्येक शेतात प्रत्येकाला तुकडा, म्हणजे विहिरीजवळचा पण थोडा, माळाचा पण थोडा, कुणावर अन्याय नको म्हणून. त्या न्यायापायी 156 मालकांमध्ये सातशेच्या वर तुकडे झाले, त्यातले 463 एकराच्या आतले, आणि 112 तर दहा गुंठ्यांच्याही आतले. दहा गुंठ्यांत नांगर फिरवायचा म्हणजे बैल वळवण्यातच दिवस जायचा.

मी हे वाचत होतो तेव्हा हसू आलं, कारण आज त्याच गावात गुंठा म्हणजे काय चीज आहे. एक गुंठा 1089 चौरस फूट, चांगला ऐसपैस टू-बीएचके. तेव्हा ज्या तुकड्याला कपाळावर हात मारून घेत होते, तोच तुकडा नातवाच्या काळात कुठल्या कुठं गेला.

पण मॅननी खरी मेख मारलीय ती पुढं. 103 कुटुंबांचा जमाखर्च मांडला. किती पिकलं, किती खाल्लं, कपड्याला किती, लग्नाला किती, सावकाराला किती. तर नुसत्या शेतीवर ज्यांचं नीट भागतंय अशी घरं निघाली 8. शेती आणि बाहेरची मजुरी मिळून कसंबसं भागतंय अशी 28. आणि काहीही केलं तरी तोंडमिळवणी होत नाही अशी 67. बाहेरची मजुरी म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वगैरे, चालत जायचं, चालत यायचं. म्हणजे पिंपळे सौदागरची माणसं नोकरीला गावाबाहेर जातात ही गोष्ट काही हिंजवडी झाल्यावर सुरू झाली नाही बरं का.

मॅनना स्वतःलाच शंका आली की पुणं जवळ आहे, कारखाने जवळ आहेत, म्हणून कदाचित हे गाव वेगळं असेल. म्हणून मग मुद्दाम लांबचं, कोरडवाहू गाव घेतलं, शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. तिथं त्यांच्या बरोबर न. वि. कानिटकर होते, पुस्तक आलं 1921 ला. मला हे फार आवडतं. आपलाच निष्कर्ष आपल्याला पटत नाही म्हणून अजून एक गाव पालथं घालायचं. आणि तिथंही परिस्थिती काही गुलाबी नव्हतीच.

आता माझा प्रश्न. ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालिकेतली. अर्थशास्त्रज्ञांनी वाचली, कमिशनांनी वापरली, पुढं 1947 ला तुकडेबंदी कायदा आला तोवर जमिनीच्या तुकड्यांवर बोलणारा प्रत्येक जण हे आकडे तोंडावर फेकत होता. पण त्या 67 घरांपैकी कुणाला कळलं असेल का, की आपण त्या 67 मध्ये आहोत? म्हणजे आपलं भागत नाही हे त्यांना माहीतच होतं म्हणा, त्यासाठी प्रिन्सिपल यायची गरज नव्हती. पण आख्ख्या गावात असं आपलं एकट्याचंच नाही, 67 घरांचं आहे, हे कळणं वेगळं असतं. उसनं मागायला जाताना मान थोडी कमी खाली जाते.

(दृश्य: लोणावळा, पाऊस, धुकं. कैवल्यधामची जुनी इमारत.)

दुसरं ठिकाण लोणावळा. चिक्की घ्यायला थांबतो ते नाही, थोडं आत. इथं 1924 साली जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या माणसानं कैवल्यधाम काढलं. लोक त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतात. स्वामी म्हटल्यावर डोळ्यांपुढं जे येतं तसं हे प्रकरण नव्हतं. तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, नंतर अमळनेरला मास्तरकी केलेली, आणि डोक्यात एकच किडा की योगानं शरीरात नेमकं काय होतं ते यंत्र लावून बघायचं. श्रद्धा नको, अश्रद्धा पण नको, आधी एक्स-रे काढा.

आणि खरंच काढले! नौली माहितीय ना, पोटाचे स्नायू मधोमध दोरखंडासारखे उभे करून फिरवतात ती. तर नौली करताना आतड्यात पाणी आपोआप वर चढतं असं हठयोगी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. कुवलयानंदांनी नौली करणाऱ्याच्या आतड्यातला दाब मोजला, पाऱ्याची नळी जोडून. दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघाला, म्हणजे आत थोडी पोकळीच तयार होते आणि पाणी ओढलं जातं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूचं नाव आणि पुढं व्हॅक्यूम, एवढं मराठमोळं संशोधन मी तरी दुसरं बघितलं नाही. हे सगळं छापायला योगमीमांसा नावाचं त्रैमासिकही त्याच वर्षी काढलं.

पण आपल्या गोष्टीला महत्त्वाचं आहे ते पुढचं. हा माणूस प्रयोगशाळेत बसून राहिला नाही. मुंबई प्रांतात शाळांमध्ये व्यायाम कसा असावा यावर सरकारनं जी मंडळी नेमली त्यात ते होते, आणि शेकडो पोरांनी एका वेळी रांगेत उभं राहून करायचे योगाचे व्यायाम त्यांनी बसवले, यौगिक संघ व्यायाम नावानं. 1938 ला कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचं सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघालं, तिथून व्यायामशिक्षक तयार होऊन गावोगावच्या हायस्कुलांत गेले. शिट्टी, पांढरी पँट, लेझीम, चुन्याची फक्की मारलेलं मैदान, एक साथ सावधान. म्हणजे पोकळी मोजली लोणावळ्यात आणि तिचं काहीतरी उतरलं खेड्यातल्या पोराच्या सकाळच्या कवायतीत. तिघांमध्ये हा एकच आकडा मला असा दिसतो जो फिरून ज्याचा त्याच्या अंगात आला.

नंतर पीटीच्या तासाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पोर्शन राहिला की गणिताच्या सरांनी पहिला हात मारायचा तो याच तासावर. आमच्या वेळापत्रकात पीटी होतं, मैदानात नव्हतं.

मात्र त्या तासावर संशोधन भरपूर होतं हां. एमपीएडचा, म्हणजे शारीरिक शिक्षणात मास्टर्स करणारा विद्यार्थी जिल्हा परिषदेच्या शाळेत येतो, तीस पोरं या गटात, तीस त्या गटात. एका गटाला सहा-आठ आठवडे सूर्यनमस्कार किंवा दोरीउड्या, दुसऱ्या गटाला काहीच नाही, त्याला नियंत्रित गट म्हणायचं. आधी चाचणी, नंतर चाचणी. पाय लांब करून बोटं पायाच्या पुढं किती जातात, 50 मीटर किती सेकंदांत, 600 मीटरला दम किती लागतो. मग शहरी आणि ग्रामीण मुलांची तुलना. नियंत्रित गटातल्या पोराची मला नेहमी कीव येते. बाकीची मैदानात, आणि हा खिडकीतून बघतोय, विज्ञानासाठी! आणि चाचणी संपली की वही मिटते, सर जातात, प्रबंध विद्यापीठात. आता खेलो इंडियाच्या चाचण्यांचे आकडे अॅपमध्ये भरतात. पोराला विचारा तुझा आकडा किती आला रे, तो सांगतो, मास्तरांना माहीत.

(दृश्य: परत खोडद. दुपार. डिशच्या जाळीतून आभाळ दिसतंय.)

चला परत. या डिशच्या जाळीतून पलीकडचं आभाळ दिसतं बघा. ही गोविंद स्वरूप यांची कमाल, ही दुर्बीण ज्यांनी उभी केली ते खगोलशास्त्रज्ञ. सलग पत्रा लावला असता तर खर्च आणि वजन आणि वाऱ्याचा मार, तिन्ही झेपले नसते. म्हणून स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यावर बारीक तारेची जाळी. वारा आरपार जातो, पण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला ती जाळी भिंतच वाटते. या माणसाची सुरुवात पण मजेशीर, ऑस्ट्रेलियानं वापरून झालेल्या 32 छोट्या डिश भेट दिल्या होत्या, सहा-सहा फुटी, त्या कल्याणला उभ्या करून 1965 ला सूर्याचा अभ्यास सुरू केला. मग उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण, डोंगराच्या उतारावर. आणि मग हे खोडद. 14 डिश मधे एक किलोमीटरच्या चौकात, बाकीच्या 16 तीन दिशांना शेताशेतांतून, पार 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

जागा हीच का? भोवती डोंगर, कारखान्यांचा गोंगाट नाही, आणि पुणं जवळ. मागास राहिलेला शांत भाग, म्हणून निवडला, असं सरळच म्हणू या. त्याच्या आधी 1971 ला शेजारच्या आर्वीला उपग्रह संपर्काचं केंद्र झालं होतंच.

आणि मग ती शांतता राखायची जबाबदारीही याच भागावर आली. आजूबाजूला कारखान्यांवर बंधनं. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग दुर्बिणीच्या भागातून जातो म्हणून बदलायचं ठरलं. तालुक्यातली माणसं चिडली, आणि चिडणारच. कित्येक वर्षं रेल्वे येणार येणार ऐकलेलं, आणि आडवं काय आलं तर अब्जावधी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन, ज्याच्या रेडिओ लहरी ही दुर्बीण ऐकते. मी दोन्हीकडचं ऐकलंय आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. टोमॅटो वेळेत नाशिकला पोचणं ही पण काही लहान गोष्ट नाही.

पण हीच दुर्बीण एका दिवशी काय करून बसली तेही ऐका. 19 ऑक्टोबर 2016. युरोपचं शियापरेल्ली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीकसा सिग्नल पृथ्वीवर ऐकला तो इथं, खोडदला. उतरतंय, उतरतंय, पॅराशूट उघडलं, आणि उतरायच्या जरासं आधी सिग्नल गप्प. नंतर चौकशीत कळलं की यानाच्या आतल्या यंत्राचा क्षणभर गोंधळ झाला आणि यानानं आपली उंची चुकीची मोजली, म्हणजे आपण जमिनीच्याही खाली पोचलोय असं त्याला वाटलं. मग पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं बंद, आणि अजून 3.7 किलोमीटर जायचं होतं.

आपल्या मोजणीदाराकडून बांध दोन फूट सरकला तर भावाभावांत कोर्टकचेरी लागते. इथं एक यान गेलं.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जीएमआरटीची फाटकं सगळ्यांना उघडतात. एसटी, टेम्पो, जीप, जे मिळेल त्यात शाळांची पोरं येतात, आपापले प्रयोग पुठ्ठ्यावर चिकटवून घेऊन येतात. मोबाईल बंद करा म्हणून सांगतात, ते मास्तर लोकांना पोरांपेक्षा जड जातं. आणि डिशखाली उभं राहिलेलं प्रत्येक चौथं पोरगं विचारतं, डोळा कुठं लावायचा?

डोळा कुठंच लावायचा नसतो. कॉम्प्युटरवर आकडे येतात.

पोरगं जरा हिरमुसतं, आणि मग डबा खायला सावली शोधत पळतं, 50 मीटर तरी असेल, कुणी घड्याळ लावलेलं नसतं.