बाणा तुटला तरी माग चालू

(दृश्य : मे महिना, दुपारचे दोन. पुणे रस्त्यालगतची एक दुमजली इमारत. आवारात चिटपाखरू नाही.)

सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. ज्यांना जाणं भागच आहे ती, आणि ज्यांचं काहीतरी चुकलंय ती. आम्ही कॅमेरा घेऊन निघालो, म्हणजे दुसऱ्या प्रकारातले. बाहेर ४३ अंश. या दाराच्या आत चोवीस.

(दार उघडतं. पंख्यांचा एकसुरी घूं आवाज. पाच सेकंद नुसता आवाज.)

हा आवाज लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

माझे वडील, अण्णा, पूर्व भागात यंत्रमागावर होते. घरी आले तरी मोठ्यानं बोलायचे, कारखान्यातली सवय. ते म्हणायचे, मागाचा आवाज चालू असताना ऐकूच येत नाही, बंद पडला की येतो. धोट्यातली सुताची कांडी संपली किंवा बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. बिघाड शोधत हिंडावं लागत नाही. जो माग गप्प झाला, तिकडं जायचं.

ही खोली सर्व्हरची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरांची. इथला कारभार उलटा. इथं सूत तुटलं तरी माग चालूच राहतो. मुद्दाम तसा बांधलाय. आणि म्हणूनच इथं एक माणूस लागतं, जे सगळं सुरळीत चाललेलं असताना संशयानं बघत बसेल.

(दृश्य : कॅबिनेटसमोर चाळिशीच्या बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च.)

यांना सगळे मॅडम म्हणतात. नाव सांगायचं नाही आणि संस्थेचंही नाही, या अटीवर आम्हाला आत सोडलंय. इथं डाळिंबाच्या बागांची माहिती साठते. पानाफळांचे फोटो, जमिनीतल्या ओलीच्या नोंदी, हवामान, झाडांच्या डीएनएचं वाचन. आपल्याकडच्या डाळिंबवाल्याला तेल्याची धास्ती असते. तो रोग जिवाणूचा, बुरशीचा नाही. पानावरचा डाग त्याचाच की दुसऱ्या कशाचा, हे यंत्राला शिकवायचं तर हजारो नाही, लाखो फोटो लागतात.

सोलापूर आणि माहितीचे ढिगारे हे नातं तसं नवं नाही. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. म्हणूनच २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं कृत्रिम पावसाचा प्रयोग इथल्या आभाळात केला. २७६ ढग तपासले. जिथं फवारणी केली, त्याच्या वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के जास्त, असा निष्कर्ष निघाला. हा १८ चा आकडा काही वरून पडला नाही. विमानं, रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी कुठंतरी डिस्कवर नीट राहिल्या, म्हणून तो काढता आला. शोधनिबंधात त्या डिस्कचा उल्लेख कुणी करत नाही. करायचं कारणही नाही म्हणा.

(दृश्य : तीन सर्व्हर एकावर एक. हिरवे दिवे.)

तीन सर्व्हर. पण संशोधकांना विचारलंत तर कुणी म्हणेल माझा सर्व्हर, कुणी म्हणेल आमच्या विभागाचे चार. ही व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे व्हीएमची करामत. एका यंत्रावर हायपरवायझर नावाचा थर बसतो आणि वर अनेक यंत्रं थाटून देतो. प्रत्येकाला वाटतं, आख्खं यंत्र आपलंच. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं व्हीएम/३७० आणलं १९७२ मध्ये. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्यात केव्हीएम नावाची हीच सोय आली २००७ मध्ये, आणि ही सोय आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आली. इथं आधी व्हीएमवेअर या कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. २०२३ च्या अखेरीस ती कंपनी ब्रॉडकॉमकडं गेली, कायमचे परवाने विकणं बंद झालं, आणि जगभर अनेकांनी बस्तान हलवलं. मॅडमही केव्हीएमवरच चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर आल्या. "हलवायला दोन महिने लागले," म्हणतात, "त्यातला दीड महिना लोकांना समजावण्यात."

एखादा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा तर त्यावरची बिऱ्हाडं, म्हणजे व्हीएम, चालू असतानाच शेजारच्यावर नेता येतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आधी मेमरी कॉपी होते. तेवढ्या वेळात मेमरीची काही पानं बदलतात, मग तेवढीच पुन्हा. ती जाईपर्यंत आणखी थोडी बदलतात, ती पुन्हा. उरलेला भाग अगदी छोटा झाला की यंत्र क्षणभर थांबतं आणि पलीकडं डोळे उघडतं. वापरणाऱ्याला बहुधा पत्ता लागत नाही.

आता स्टोरेज. खरी डोकेदुखी इथं आहे.

(दृश्य : गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या.)

सोलापूरकरांना हे समजावून सांगायला पाणीच बरं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. समजा एका वाड्यात दहा बिऱ्हाडं आणि गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी. मालकानं प्रत्येकाला सांगून ठेवलंय, हजार लिटर तुमचे. एरवी कुणी पाचशेच्या वर जात नाही, म्हणून सगळं गोडीगुलाबीत चालतं. एके दिवशी तिघांकडं पाहुणे येतात. थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे हेच. दहा व्हीएमना एकेक टीबी, म्हणजे टेराबाइट, जागा कबूल करायची आणि खाली डिस्क पाच टीबीची ठेवायची. यात फसवणूक नाही, व्यवहार आहे. फक्त टाकीत रोज डोकावायला हवं.

खाली जी प्रणाली आहे तिचं नाव सेफ. सुरक्षित या अर्थाचं नाही, ऑक्टोपसच्या कुळाला सेफॅलोपॉड म्हणतात, त्यावरून. सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून ती निघाली आणि २००६ मध्ये तिच्यावरचा निबंध आला. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तीन वेगळ्या सर्व्हरवर. एक सर्व्हर पूर्ण बसला तरी काम दोघांवर चालू राहतं. निर्णय बहुमतानं होतात. तिघांपैकी दोघं एकमेकांना दिसत असतील तर ते पुढं चालतात, आणि एकटा पडलेला गप्प बसतो, नाहीतर दोन्हीकडं वेगवेगळं लिहिलं जाईल. घड्याळंसुद्धा जुळावी लागतात. सेकंदाचा विसावा भाग फरक पडला की पडद्यावर पिवळी तक्रार येते. आपल्याकडच्या सभा-समारंभांना ही अट लावली तर एकही वेळेत सुरू व्हायचा नाही.

हिशेब मांडू. समजा एका सर्व्हरमध्ये १६ टीबीच्या १२ डिस्क आणि असे तीन सर्व्हर. झाले ५७६ टीबी. खरेदीच्या कागदावर हाच आकडा असतो. तीन प्रती म्हटल्यावर उरले १९२. त्यातही ८५ टक्क्यांवर इशारा येतो आणि एखादी डिस्क ९५ टक्के भरली तर लिहिणंच थांबतं. म्हणजे निर्धास्त वापरायला १६३ टीबी. साहेब लोक विचारतात, "बाकीचे गेले कुठं?" मॅडमनी या प्रश्नाचं उत्तर छापूनच ठेवलंय. कागद टेबलाच्या काचेखाली आहे.

(दृश्य : मॅडम स्क्रीनसमोर. बाजूला चहा, कागदावर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी.)

"जागा संपली" हा निरोप मात्र दर वेळी खरा नसतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओलीच्या सेन्सरची नोंद घेणारं यंत्र अचानक लिहायचं थांबलं. तपासलं तर डिस्क तीन-चतुर्थांश रिकामी, आणि यंत्र म्हणतंय जागा नाही. नवा पोरगा चक्रावला. तो तीन वेळा रीस्टार्ट करून आला. मॅडमनी एक आज्ञा दिली आणि हसल्या. आयनोड संपले होते.

आयनोड म्हणजे फाइलीचा सात-बारा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल मांडायच्या पद्धतीत डिस्क तयार करतानाच ठरावीक सात-बारे छापून ठेवतात, सहसा दर १६ केबीमागं एक. इथं प्रत्येक नोंदीची एक वेगळी फाइल होत होती. फाइल एक केबीची असली तरी डिस्कवर ती चार केबीचा तुकडा अडवते. चाराला सोळानं भागा. डिस्क पाव भरली की सात-बारे खलास. जमीन पडून आहे आणि उतारा मिळत नाही. सोलापुरात हे दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. दिवसाच्या नोंदी एका फाइलीत बांधायला लावल्या, प्रश्न मिटला.

याआधीच्या नोकरीतली एक गोष्ट सांगताना मात्र त्या हसल्या नाहीत. तिथं रोज रात्री दोनला बॅकअप व्हायचा आणि सकाळी "यशस्वी" असा ईमेल यायचा. दीड वर्ष. मग एका विद्यार्थिनीकडून चुकून एक फोल्डर पुसलं गेलं. मॅडम निवांतपणे बॅकअप उघडायला गेल्या आणि आत काही नाही. नेटवर्कवरून जोडलेली डिस्क कधीतरी निसटली होती. उरलं होतं नुसतं रिकामं फोल्डर, त्याच नावाचं. प्रणाली इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरचा बॅकअप घेत राहिली. काम यशस्वीच झालं होतं, खोटं काहीच नव्हतं. त्या मुलीचा प्रबंध सहा महिने मागं गेला.

"तेव्हापासून मी यशस्वी हा शब्द वाचत नाही," मॅडम म्हणतात. "किती बाइट गेले ते वाचते." इथं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअपमधून कुठलीही पाच फोल्डरं परत काढून मूळ फाइलींशी ताडून बघतात. कुणी मागितलेली नसताना. स्नॅपशॉटच्या, म्हणजे त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवण्याच्या सोयीच्या, भरवशावर राहणाऱ्यांना तर त्या ओरडतातच. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. घराला आग लागली तर कपाटाची दुसरी किल्ली काय करायची?

(दृश्य : जानेवारीतली गड्ड्याची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. जुनं चित्रीकरण.)

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना जातात, तैलाभिषेक होतो. वाटेवरचं लिंग असो की आडबाजूचं, एकही वगळत नाहीत. सेफ दर आठवड्याला साधारण असंच करते. डीप स्क्रब म्हणतात. प्रत्येक तुकडा वाचायचा, तिन्ही प्रती जुळतात का बघायचं. चार वर्षांत कुणी न उघडलेला फोटोसुद्धा. डिस्कवरचा एखादा बिट आवाज न करता सडतो, आणि तो सडलाय हे वाचल्याशिवाय कळत नाही. ही तुलना मॅडमना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे, पण व्हिडिओत माझ्या तोंडी घालू नका."

(लाईट जाते. क्षणभर अंधार. यूपीएसचा टिट टिट.)

हे आम्ही ठरवून केलेलं नाही. खरंच गेली.

सर्व्हर चालू आहेत, यूपीएसवर. पण एसी यूपीएसवर नाहीत, तेवढा भार त्याला पेलत नाही. म्हणजे आता तापवणारे चालू आणि थंड करणारे बंद. सर्व्हर जेवढी वीज खातात, तेवढ्याची शेवटी उष्णताच होते. दहा किलोवॅट म्हणजे जवळजवळ तीन टन एसीचं काम. पडद्यावर आकडा चढतोय. २४... २६... २७. सर्व्हरच्या तोंडाशी २७ पर्यंत चालतं, असं यातले जाणकार सांगतात.

जनरेटर सुरू झाला. तरी एसी लगेच थंड करत नाहीत, कॉम्प्रेसर दोन-तीन मिनिटं थांबून मगच घेतो. आणि रिमोट दाबल्याशिवाय परत चालूच न होणारे एसी तर रात्री दोनला काय करणार? इथल्या वायरमनमामांनी पहिल्याच उन्हाळ्यात ते बदलून घेतले. "तुमचा कॉम्प्युटर मला कळत नाही," मामा म्हणतात, "पण गरम काय झालंय ते कळतंय की."

२९ पर्यंत जाऊन आकडा उतरला.

(दृश्य : पहाटेचं सोलापूर स्थानक. पाठीवर सॅक घेतलेला तरुण.)

पुण्याच्या सहकाऱ्यांना २० टीबी माहिती पाठवायची होती. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून अठरा दिवस लागले असते. पोरानं एक डिस्क कुलूपबंद केली, म्हणजे एन्क्रिप्ट केली, टॉवेलात गुंडाळली, अर्थात सोलापुरी, आणि हुतात्मा एक्सप्रेस पकडली. साधारण चार तास. भागाकार करून बघा, सेकंदाला अकरा गिगाबिट पडतात. १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी, आणि या खोलीची सगळ्यात वेगवान लाइन. पोचल्यावर दोन्हीकडचे चेकसम, म्हणजे फाइलीतल्या माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे, जुळवले, मगच इथली प्रत मोकळी केली.

(दृश्य : घर. लॅपटॉपवर संकलन चालू आहे.)

चित्रीकरण संपलं. रात्री घरी आवाज जुळवत बसलो होतो. तोच सुरुवातीचा घूं. पलीकडं अण्णा कॉटवर पडले होते. डोळे मिटलेले.

"कुठला कारखाना बे हा?"

म्हटलं, कारखाना नाही अण्णा, कॉम्प्युटरची खोली.

"त्यातलं एक फिरतंय ते घासतंय की."

मी पुन्हा लावलं. मला काही कळेना. त्यांनी बोट वर-खाली करून ताल दाखवला. आता... आता... आता.

सकाळी मॅडमना फोन केला, जरा लाजतच. त्यांनी नोंदी उघडल्या. दुसऱ्या सर्व्हरचा चौथा पंखा. वेग मर्यादेतच होता, म्हणून इशारा आला नव्हता. पण आठ दिवसांचा आलेख बाकीच्यांचा सरळ आणि याचा करवतीसारखा.

पंखा मागवलाय. मुंबईहून यायला आठवडा लागेल. तोवर त्या सर्व्हरवरची बिऱ्हाडं मॅडमनी शेजारी हलवलीत, आणि संशोधकांपैकी एकाचा मेसेज आलाय, कालपासून सर्व्हर जरा स्लो वाटतोय, बघता का.